लकव्यानंतर हात परत चालू करायला घरी कोणतं मशीन घ्यावं? अनुभव असलेल्यांनी सांगा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या आबांना दसऱ्याच्या तोंडावर लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. झोपेतच झालं, त्यामुळं नेमकं किती वाजता झालं हेच कुणाला सांगता येईना, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं म्हणून ते काही देता आलं नाही. असो. आता पाय बराच सुधरलाय, काठी टेकत शेतातल्या आखाड्यापर्यंत जातेत. बोलणं जरा अडखळतं पण कळतंय सगळं. हात मात्र मागं राहिलाय. खांदा थोडा उचलतेत, कोपर वाकवतेत, पण बोटं मुठीत आवळून बसलीत आणि आबा उघडा म्हणलं की अजूनच घट्ट होतेत.

गेवराईहून फिजिओवाले आठवड्यातून दोनदा येतेत, तेवढंच परवडतंय. बाकीचे दिवस आबा नुसते बाजेवर बसून. मोबाईलवर एकदा लकवा शोधलं तेव्हापासून जाहिरातीच जाहिराती यायलेत, हवेनं फुगणारा रोबोट हातमोजा, दाराला टांगायची पुली, करंटचं मशीन, दाबायचे बॉल, हातानं फिरवायचं पेडल. धाकटा भाऊ पुण्याहून म्हणतोय पैसे मी पाठवतो, सगळ्यात भारी असंल ते घे. पैशाची चिंता हायेच, पण त्याहून मोठी चिंता ही की भलतीच वस्तू आणून हे महिने वाया जायला नकोत. कुणी वापरलंय का? खरंच कुणाचा हात आलाय का? जरा सविस्तर सांगा.

मांजराकाठची

दादा आधी धीर धरा, हात पायापेक्षा उशिराच येतो. माझ्या सासूबाईंचंही तसंच झालं, चालायला लागल्या तरी हात गळ्यात अडकवल्यासारखाच.

आमच्याकडं पेडल होतं. त्याचं सांगते, दोन्ही हात पेडलला बांधले की चांगला हातच सगळा जोर लावतो आणि आजारी हात नुसता त्याच्यामागं फिरत राहतो. बघणाऱ्याला वाटतं काय छान व्यायाम चाललाय. सांधे मोकळे राहायला ठीक आहे, पण आजारी हातानं स्वतःहून काही केलं असं होत नाही त्यात. एकट्या आजारी हातानं हळूहळू ढकलता येत असंल तरच त्याचा उपयोग.

आमच्या सासूबाईंना खरा फायदा झाला तो वातींचा. त्यांना रोज देवाला वाती करायची सवय आयुष्यभराची. फिजिओच्या मॅडमनीच ते हेरलं आणि म्हणल्या ह्यांना कापूस द्या. आधी आजारी हातानं कापूस नुसता दाबून धरायचा आणि चांगल्या हातानं ओढायचा. मग मांडीवर वळायचा. पुढं पुढं चिमटीत धरायला लागल्या. व्यायाम करा म्हणलं की त्या कंटाळायच्या, वाती करा म्हणलं की तासभर हलायच्या नाहीत जागेवरनं.

मेंदू_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूर-धाराशिव भागात काम करते. पेशंट न बघता नेमकं हेच करा असं सांगता येत नाही, पण वस्तू कोणती घ्यावी याचा विचार कसा करायचा ते सांगते. पोस्ट लांबेल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, हातात दोष नाहीये, मेंदूतली हाताला हुकूम देणारी जागा दुखावलीय. म्हणून हात कुणीतरी हलवून दिला एवढ्यानं मेंदू शिकत नाही, पेशंटनं स्वतः हलवायचा प्रयत्न केला पाहिजे, भले हात इंचभर हलो. आणि तो प्रयत्न पुष्कळ वेळा व्हायला पाहिजे. २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या रिहॅब सेंटरमधे बसून लोकांनी मोजणी केली होती, एका सेशनमधे पेशंटचा हात खऱ्या कामासाठी किती वेळा हलतो, तर सरासरी ३२ वेळा निघालं. प्राण्यांवरच्या प्रयोगात मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यानं हालचाली केल्यावर. म्हणजे तिकडच्या चांगल्या सेंटरमधेसुद्धा सेशनपुरतं भागत नाही, तर आपल्याकडं आठवड्यातून दोन भेटीत काय होणार. म्हणून घरचा सराव. आणि म्हणून घरी काही साधन असावं असं वाटणं अगदी बरोबर आहे.

आता साधन ओळखायचं कसं. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतेत बघा, भोपळा वजन पेलतो पण हातपाय पोरानंच मारायचे असतेत. साधन तसं पाहिजे. हाताचं वजन पेलणारं, किंवा सरकायला सोपं करणारं, पण जोर पेशंटचा.

रोबोट हातमोजा: हवेच्या नळ्यांनी बोटं उघडतो मिटतो. बोटं आखडू नयेत, जरा मऊ राहावीत यासाठी त्याचा उपयोग आहे. पण पेशंट टीव्ही बघत बसलाय आणि मोजा आपला उघडतोय मिटतोय, यानं हालचाल परत येईल अशी आशा धरू नका. वापरायचाच असंल तर प्रत्येक वेळी मोजा उघडायच्या आधी आबांनी स्वतः बोटं उघडायचा जोर लावायचा, नजर हातावर, आणि मग मोज्यानं पुढचं करायचं. काही मोज्यांना चांगल्या हातात घालायचा दुसरा मोजा येतो, चांगला हात उघडला की आजारी उघडतो, तो त्यातल्या त्यात बरा कारण लक्ष लागतं.

दाराची पुली: ही नकोच. ठामपणे सांगते. लकव्याच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, चांगल्या हातानं दोरी ओढून आजारी हात डोक्यावर खेचला की आतले मऊ भाग चिमटतेत. १९९० साली २८ पेशंटचा एक छोटा अभ्यास झाला होता, पुलीवाल्या गटात ६२ टक्के लोकांचा खांदा दुखायला लागला, थेरपिस्टनं हळूवार हलवून दिलेल्या गटात ८ टक्के, आणि चाकाच्या फळीवर हात सरकवणाऱ्या गटात १२ टक्के. अभ्यास छोटा आहे पण फरक बघा किती. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमधेही डोक्यावरची पुली टाळा असंच आहे. आणि आपल्याकडं सगळ्यात स्वस्त तीच मिळते म्हणून घरोघरी दाराला तीच लटकलेली दिसते, बघून जीव कळवळतो.

दाबायचा बॉल: मूठ आधीच आवळलेली असंल तर आवळायचा सराव कशाला? आबांना उघडायचं शिकायचंय. बॉल दाबण्यापेक्षा धरलेली वस्तू सोडण्याचा सराव जास्त मोलाचा.

करंट: दोन प्रकार गोंधळून विकले जातेत. एक दुखणं कमी करायचं, टेन्स म्हणतेत, त्यानं हालचाल येत नाही. दुसरं स्नायू आकसवणारं, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूवर लावतेत. दुसऱ्याचा फायदा होऊ शकतो, विशेषतः करंट येताना पेशंटनंही मनगट उचलायचा प्रयत्न केला तर. पण पॅड कुठं लावायचे ते थेरपिस्टकडून पेनानं खुणा करून घ्या. पेसमेकर असंल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फिट येत असतील तरी आधी विचारा.

दादा एक सांगा, आबांची बोटं अगदीच हलत नाहीत का एखादं तरी थोडं सरळ होतं? आणि मनगट वर उचलता येतं का?

गोदाकाठ

मॅडम लई उपकार झाले, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. हात टेबलावर ठेवला तर मनगट थोडंसं उचलतेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जरासं सुटतं, बाकीची नाही. आणि एक आश्चर्य, आबांनी जांभई दिली की तो हात आपोआप वर येतो आणि बोटंही मोकळी होतेत! आई म्हणती देवानं खूण दिली. हे काय असतंय?

मेंदू_स्नायू

जांभईचं बऱ्याच पेशंटमधे दिसतं. जांभईचा हुकूम मेंदूच्या खालच्या जुन्या भागातून येतो, आपण ठरवून हात हलवतो त्याची वाट वेगळी. म्हणून जांभईनं हात उचलला म्हणजे ठरवून उचलायची वाट सुरू झाली असं धरता येत नाही. पण आईंना नाराज करू नका, त्यातून एवढं नक्की दिसतं की स्नायू आणि सांधे अजून चालण्यासारखे आहेत, जाम झालेले नाहीत.

त्याहून मोठी आनंदाची गोष्ट म्हणजे मनगट आणि दोन बोटं थोडी सुटायलीत. हाताच्या बाबतीत आम्ही सगळ्यात आधी तेच बघतो. जोर त्याच दोन हालचालींवर लावा.

तेरणाथडी

मॅडमनी चाकाच्या फळीचं लिहिलं म्हणून सांगतो, ती विकत घ्यायची गरजच नाही. आमच्या वडलांसाठी गावातल्या सुतारानं करून दिली. हात कोपरापासून बोटापर्यंत मावेल एवढी फळी, वरनं जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकलेला, खाली चारी बाजूला फिरणारी चाकं, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळतेत, आणि हात बांधायला चिकटपट्टी. ती गुळगुळीत टेबलावर ठेवायची आणि हात पुढं मागं, डावीकडं उजवीकडं, गोल. टेबलावर खडूनं ज्वारीच्या ओळीसारख्या रेषा मारल्या होत्या, आज ह्या रेषेपर्यंत, उद्या त्याच्या पुढच्या.

फळी नसंल तर नुसता टॉवेल आणि खाली कॅरमची पावडर. कॅरमवरनं आठवलं, कॅरमच खेळायला लावा! बोट आवळून सोडल्यावर सोंगटी जाते, म्हणजे बोट सरळ करायचाच व्यायाम की नाही? आमचे वडील पोरांसंगं खेळायचे, सुरुवातीला स्ट्रायकर नुसता ढकलायचे, पोरं हरकत घ्यायची नाहीत. संध्याकाळी उठायचं नावच घ्यायचे नाहीत.

मॅडम हे बरोबर आहे का?

मेंदू_स्नायू

अगदी बरोबर, शाबास. फक्त दोन सावधगिरी. हात सरकवताना पेशंट कंबरेतनं पुढं वाकून फसवतो, हात सरकलाच नसतो, धडच पुढं गेलेलं असतं. पाठ खुर्चीला टेकलेली राहू द्या, हवं तर छातीवरनं एखादी ओढणी सैल बांधा. आणि खांदा कानाकडं उचलला जातोय का बघा, जायला लागला की थांबा, अंतर कमी करा.

पैनगंगा

आम्ही नांदेडहून हैदराबादला नेलं होतं मामांना, तिथं हात ठेवून गेम खेळायचं मशीन होतं, स्क्रीनवर हात नेईल तशी वस्तू हलते. मामा एकदम खुश. तसलं घरी आणता येईल का? भारतात बनतं म्हणे आता.

मेंदू_स्नायू

हो, हैदराबादच्याच बीएबल हेल्थचं आर्मएबल आहे. वेल्लोरचा सीएमसी दवाखाना आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून हाताचा प्लूटो नावाचा छोटा रोबोट केलाय. आपल्या लोकांनी आपल्या पेशंटसाठी केलेलं काम आहे, मला त्याचा अभिमान वाटतो.

पण कर्ज काढून रोबोट आणू नका, त्याचं कारण सांगते. ब्रिटनमधे ७७० पेशंटवर मोठी चाचणी झाली, रॅटल्स नावाची, २०१९ मधे छापून आली. एका गटाला रोबोट, एका गटाला तेवढाच वेळ माणसानं करून घेतलेला हाताचा सराव, एकाला नेहमीचे उपचार. हातानं काम करायची क्षमता रोबोटवाल्या गटात नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळी निघाली नाही. इतर चाचण्या एकत्र बघितल्या तर थोडाफार फायदा दिसतो, तो मी नाकारत नाही. गेमचंही तसंच, नेहमीच्या व्यायामाच्या जागी गेम दिले तर विशेष फरक नाही, नेहमीच्या व्यायामाच्या वर जादा दिले तर फायदा होऊ शकतो. सेंटर जवळ असंल, वारंवार जाता येत असंल तर जरूर जा. घरी मात्र तोच पैसा थेरपिस्टच्या भेटी वाढवायला आणि पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाला शिकवायला लावा.

कॅनडात ग्रास्प नावाचा घरच्या सरावाचा कार्यक्रम आहे, त्यात लागतं काय तर कप, टॉवेल, कपड्याचे चिमटे, ठोकळे, बॉल, असल्याच वस्तू. रिहॅबला भरती असलेल्या १०३ पेशंटवर २००९ मधे चाचणी झाली, आठवड्यातले सहा दिवस तासभर, चार आठवडे, पेशंटनं स्वतः आणि घरच्यांनी मिळून करायचं, आणि हात खरंच जास्त सुधारला. त्याची पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी आहे पण चित्रांवरनं कळतं, तुमच्या फिजिओला दाखवा, आबांना कोणती पातळी ते ठरवतील.

एरंडेश्वरचा_पाटील

एवढं कशाला करत बसता. आमच्याकडं एक जण लकव्यावर औषध देतो, कबुतराचं रक्त चोळतो, पंधरा दिवसात माणूस उभा. आमच्या पाहुण्यातला एक जण बरा झालाय.

मेंदू_स्नायू

दादा, राग मानू नका पण हे इथं वाचून कुणी तिकडं जाईल म्हणून स्पष्ट लिहिते. कबुतराच्या रक्तानं लकवा बरा होत नाही. लकव्यानंतर पहिल्या काही आठवड्यात पुष्कळ पेशंटमधे आपोआपच थोडी सुधारणा होते, मेंदूची सूज उतरते, आणि त्या दिवसात जो कोणी जे काही देईल त्याला श्रेय जातं. नुसतं रक्त चोळून कदाचित नुकसान झालं नसतं, पण तिथं गेलेले लोक बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बंद करतेत, पथ्य म्हणून. दुसरा झटका येतो. माझ्या पेशंटमधे हे झालंय. गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरनं बंद करू नका, मालिश करायची तर खुशाल करा, हलक्या हातानं.

एरंडेश्वरचा_पाटील

बरं झालं मॅडम सांगितलंत. पाहुण्याच्या गोळ्या चालू आहेत का ते आजच फोन करून विचारतो.

कुंडलिका_जालना

मी स्वतः पेशंट आहे. शाळेत शिक्षक होतो. हे दोन्ही हातानं टाइप करतोय, उजव्या हाताचं एक बोट चालतं त्यात, म्हणून शुद्धलेखनाकडं बघू नका.

सगळे जण पेशंटला काय करायला लावायचं ते लिहिताय, आतनं काय होतं ते सांगतो. हात हलव म्हणतेत, आपण पूर्ण जोर लावतो, घाम येतो आणि हात तिथंच. समोरचा म्हणतो अहो प्रयत्न तरी करा. तेव्हा जे वाटतं ते सांगता येत नाही. मी कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायचो. डॉक्टरांनी ओळखलं, म्हणाले झटक्यानंतर डिप्रेशन येणं हा आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषध दिलं. आबांना विचारा. नुसते बसून राहतेत असं लिहिलंय तुम्ही, ते आळसानं बसलेत असं धरू नका.

माझा हात वळणावर आला तो आरशानं. टेबलावर छातीच्या मधोमध आरसा उभा करायचा, आजारी हात आरशाच्या मागं, चांगला हात पुढं. चांगल्या हाताची मूठ उघडायची मिटायची आणि आरशात बघायचं, डोळ्याला दिसतं आजारी हातच उघडतोय. मागं आजारी हातानंही तसाच प्रयत्न करत राहायचा. हे डॉ. रामचंद्रन म्हणून आपले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आहेत अमेरिकेत, त्यांनी हात कापलेल्या लोकांच्या दुखण्यावर काढलं आणि मग लकव्यावर वापरलं गेलं. पहिल्या वेळी बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यातनं पाणी आलं, किती दिवसांनी माझा उजवा हात उघडलेला दिसला मला. आरसा कपाटाचा जुना, कडा इन्सुलेशन टेपनं गुंडाळल्या, सुतारानं मागं दोन पाय लावून दिले. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या म्हणजे दोन्ही हात सारखे दिसतेत. खोलीत बाकी कुणी बोलायचं नाही, लक्ष उडतं.

मेंदू_स्नायू

सर, तुमची पोस्ट मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना वाचून दाखवणार आहे. आरशाबद्दल जगभरातल्या ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मधे आला, हालचाल सुधारायला मदत होते असं त्यात आहे. बोटं अजिबात न हलणाऱ्या पेशंटलाही करता येतं हे त्याचं मोठेपण. आरसा बघून कुणाला गरगरलं तर थांबायचं.

गोदाकाठ

सर, तुमचं वाचून आबांजवळ जाऊन बसलो. विचारलं. ते काही बोलले नाहीत पण रडले. बुधवारी डॉक्टरांकडं नेतोय, हेही सांगणार.

भावाला सगळा धागा पाठवला. रोबोट मोजा नको असं ठरलंय आमचं, त्या पैशात फिजिओवाल्यांना आठवड्यातून चारदा या म्हणलंय. फळी करायला टाकली. आता प्रश्न असा की शेतकरी माणूस, कप-ठोकळे घेऊन बसायला लाजतेत, आल्यागेल्यासमोर तर नाहीच. त्यांच्या हाताला शोभेल असं काय द्यावं?

मांजराकाठची

कापूस घरात असंल की! बोंडातनं कापूस काढायचा, चिमटीचं काम आहे. आजारी हातानं बोंड धरायचं, चांगल्यानं ओढायचा, पुढं उलटं. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. परातीत ज्वारी घेऊन त्यात हळकुंड लपवायचे आणि न बघता बोटांनी शोधायचे, हे आमच्याकडं नातवंडांचा खेळच झाला होता. दोन्ही हातानं सूप धरून पाखडायचं, आधी रिकामंच. घरात जातं असंल तर दाणे न घालता खुंटा धरून फिरवायचा.

मेंदू_स्नायू

ताई तुम्हाला फिजिओची डिग्री द्यायला पाहिजे. ज्वारीत हळकुंड शोधायचं तर आम्ही स्पर्श परत यायला मुद्दाम देतो. जात्याचं मात्र खांदा दुखत नसंल तरच, आणि जमिनीवर बसता उठता येत असंल तर.

आबांसाठी अजून सुचवते. दावं धरून सोडणं, दाव्याच्या सैल गाठी सोडणं. बी-बियाणाच्या रिकाम्या डब्या या फळीवरनं त्या फळीवर ठेवणं, ठेवण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष. चहाचा कप आजारी हातानं टेबलावरच सरकवून पुढं करणं, गरम नाही. जमतं त्याच्या किंचित पुढचं काम द्यायचं, दहातलं सातआठदा जमावं एवढं. अजिबात न जमणारं दिलं तर सरांनी लिहिलं तसं मन मोडतं, आणि सगळंच जमत असंल तर मेंदूला शिकायला काही राहत नाही.

बोटं अजून सुटली की चांगल्या हाताला मोजा घालून आजारी हातालाच कामाला लावायची एक पद्धत आहे. अमेरिकेत २२२ पेशंटवर चाचणी झाली, २००६ मधे छापलं, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले लोक, दोन आठवडे, जागेपणी बहुतेक वेळ मोजा आणि रोज काही तास सराव, वर्षभरानंतरही फरक टिकला. पण त्यासाठी मनगट आणि बोटं काही अंश तरी स्वतःहून उचलता यायला लागतेत. आबा अजून तिथं नसावेत, घाई नको. आणि काठी घेऊन चालताना किंवा चुलीजवळ चांगला हात कधीच बांधायचा नाही.

मूठ इतकी घट्ट असंल की नखं तळव्यात रुततेत किंवा हात धुता येत नाही, तर न्यूरोच्या डॉक्टरांना बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. साधारण तीन महिने स्नायू ढिला राहतो, त्या काळात सराव केला तरच त्याचं चीज होतं.

अंबाजोगाई_आंबासाखर

कागदपत्राचं कुणी लिहिलं नाही म्हणून. लकव्यानं कायमचं अपंगत्व राहिलं आणि ४० टक्के किंवा जास्त भरलं तर दिव्यांग प्रमाणपत्राचे लाभ मिळतेत, अर्ज युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन करायचा, मग तपासणीला बोलावतेत. लगेच देत नाहीत, हात किती सुधारतोय ते बघायला काही महिने थांबायला लावतेत, त्यामुळं झटक्याच्या वेळचे सगळे कागद, सीटी-एमआरआयच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड नीट ठेवा. केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या ॲडिप योजनेत साधनं मिळतेत, साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं जिल्ह्याला लागतेत, काठी, कुबडी, व्हीलचेअर असलं. ६० च्या वरचे आणि उत्पन्न कमी असंल तर वयोश्री योजना वेगळी. फिजिओचं म्हणाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं सरकारी, असल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चौकशी करा. दिवस मोडतो हे खरं, पण महिन्यातनं एकदा जाऊन नवीन व्यायाम शिकून यायचा आणि घरी करायचा असं आमचं चाललंय.

सिंदफणा

माझाही प्रश्न इथंच विचारू का? आईचा डावा हात, खांदा खाली लोंबल्यासारखा झालाय, खांद्याच्या हाडाखाली बोटभर खड्डा लागतो. हाताच्या पंजाला सूज आहे, गरम लागतो, हात लावू देत नाही. शेजारची म्हणती गरम पाण्याच्या पिशवीनं शेका.

मेंदू_स्नायू

ताई शेकू नका. त्या हाताला चटका कळतो का नाही हे आपल्याला माहीत नाही, लकव्याच्या हाताला भाजून फोड आलेले पेशंट मी बघते. खड्डा लागतो म्हणजे खांदा सांध्यातनं थोडा खाली सरकलाय. त्यात पंजा सुजून दुखत असंल तर हात-खांद्याचा एक वेगळा त्रास असू शकतो, त्याला औषध लागतं आणि ते लवकर सुरू झालेलं बरं. दंडापासून पंजापर्यंत सगळाच हात सुजला असंल तर शिरेत गुठळी नाही ना हेही बघावं लागतं. उद्याच डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

तोवर एवढं करा. आईंना उठवताना, कूस बदलताना त्या हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही, घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, पाहुणे प्रेमानं हात धरून उठवतेत तिथंच खांदा निखळतो. पाठीमागं आणि कंबरेला धरून उठवा. बसल्यावर हात उशीवर मांडीच्या वर ठेवलेला, लोंबकळता नाही. झोपताना हाताखाली उशी, पंजा कोपरापेक्षा थोडा उंच. उभं राहून चालताना झोळी चालेल, पण दिवसभर झोळीत ठेवू नका, कोपर आखडतं. ब्लाउज, झंपर घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. सलाइन किंवा बीपीचा पट्टा त्या हाताला लावू देऊ नका. आईंचं वय काय आणि झटका कधी आला ते लिहा, आणि जमलं तर डॉक्टरांनी काय सांगितलं तेही उद्या इथं टाका.

सिंदफणा

वय ६३. झटका पोळ्याच्या आसपास. उद्या सकाळच्या एसटीनं बीडला नेते, संध्याकाळी लिहिते. ओढून उठवायचं आत्ताच बंद केलं, भावालाही सांगितलं.